जर्मनीला निघालात? बॅग भरण्याआधी लायसन्स काढून बघा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून दर वर्षी दोन-तीन जण तरी जर्मनीला जातात. कुणाला चाकणच्या कंपनीने तिकडच्या हेडऑफिसला पाठवलेलं असतं, तर कुणी बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात जर्मन भाषेची बी-वन पातळी पूर्ण करून स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवलेली असते. मी स्टुटगार्टजवळ सहा वर्षं राहून परत आलोय, म्हणून निघायच्या आधी ते किंवा त्यांची आई आमच्याकडे एक चक्कर मारतात. प्रश्न ठरलेले. कुकर न्यायचा का, तूरडाळ मिळते का, थंडीचे कपडे इथे घ्यावेत की तिकडे. लायसन्सबद्दल कुणीही विचारत नाही. मग सात-आठ महिन्यांनी व्हॉट्सॅपवर मेसेज येतो, 'दादा, गाडी घ्यायची म्हणतोय, इकडचं लायसन्स कसं करून घ्यायचं?'

तोवर सोपी असलेली निम्मी कामं अवघड होऊन बसलेली असतात, कारण ती पुण्यात करायची होती. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी नियम

जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने तुमचं भारतीय लायसन्स चालतं. सहा महिने मोजायचे ते तिथे मुक्काम सुरू झाला तिथून. गाडी घेतली त्या दिवसापासून नाही आणि पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावला तेव्हापासूनही नाही. मधे दिवाळीला पंधरा दिवस घरी येऊन गेलात म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर. परमिटवर एक वर्षाची मुदत छापलेली असते, म्हणून वर्षभर चालवता येईल असं वाटतं. तसं नाही. परमिट म्हणजे तुमच्या लायसन्सचं मान्यताप्राप्त भाषांतर, एवढंच. सहा महिने संपले की लायसन्सही चालत नाही आणि त्याचं भाषांतरही. त्यानंतर गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स गाडी चालवणं. तिकडे तो नुसता दंड भरून सुटायचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे. तुम्हाला गाडी देणारा मित्रही त्यात अडकतो. व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी असलं काही नावावर असणं कुणालाच परवडणारं नाही.

कंपनीने दहा-अकरा महिन्यांसाठीच पाठवलं असेल तर मात्र एक सोय आहे. मुक्काम बारा महिन्यांच्या आतलाच आहे हे कागदपत्रांनी दाखवलंत, तर अर्ज करून सहा महिन्यांची मुदत वाढवून मिळते. कंपनीचं पत्र सोबत ठेवा आणि सहा महिने संपायच्या बरेच आधी अर्ज करा.

आता बदलून घेण्याबद्दल. जर्मनीची एक यादी आहे. त्या यादीतल्या देशांचं लायसन्स नेलं की परीक्षा न देता किंवा अर्धीच परीक्षा देऊन जर्मन लायसन्स मिळतं. जपान आहे त्यात, दक्षिण कोरिया आहे. भारत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. 'मग बदलून घेणं कसलं, नवीनच काढणं झालं की!' असं मीही म्हटलं होतं. पण फरक आहे, आणि तो पैशांचा आहे. नव्याने शिकणाऱ्याला तिकडे प्रत्येकी दीड तासाचे १४ थिअरीचे वर्ग आणि १२ खास फेऱ्या सक्तीच्या असतात: ५ गावाबाहेरच्या रस्त्यावर, ४ ऑटोबानवर म्हणजे तिकडच्या एक्सप्रेसवेवर, ३ अंधारात. भारतीय लायसन्स असेल तर ही सक्ती नाही. तयारी झाली असं वाटलं की थेट परीक्षेला बसा.

ही सवलत काय किमतीची आहे ते आमच्या घरात नीट कळलं. माझ्या बायकोकडे फक्त टू-व्हीलरचं लायसन्स होतं. पुण्यात कारची गरजच पडली नव्हती, स्कूटर तिची आणि कार माझी. तिथे तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. हिवाळ्यात संध्याकाळी सात वाजता वर्गाला जायचं, साडेआठला काळोखातून घरी यायचं, असं चौदा वेळा. खर्च माझ्या दुपटीच्या वर गेला.

पुण्यात करायची कामं

वरच्या गोष्टीतलं शहाणपण आधी सांगतो. जोडीदाराकडे फोर-व्हीलरचं लायसन्स नसेल, तर निघायच्या तीन महिने आधी सुरुवात करा. लर्निंग आता आधारवर घरबसल्या निघतं. त्यानंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देण्याआधी ३० दिवस थांबावं लागतं, मग नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर तारीख मिळायला हवी, मग कार्ड पोस्टाने घरी यायला हवं. 'आधी जाऊ, मग सुट्टीत येऊन काढू' हा विचार मनातून काढून टाका. जर्मनीत राहायला लागल्यावर भारतात येऊन काढलेलं लायसन्स तिथे धरलं जात नाही. शिकाऊ लायसन्सही धरत नाहीत.

आता तुमचं स्वतःचं लायसन्स काढा आणि उजेडात नीट बघा.

मुदत बघा. २०१९ च्या कायद्यातल्या बदलांनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं, तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. तिकडच्या मुक्कामात संपणार असेल तर आत्ताच उरका. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं तब्येतीचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १-ए, लागेल.

मग सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर जाऊन आपला लायसन्स नंबर टाकून बघा. जुनं पुस्तकी लायसन्स असेल आणि पुढे कधी स्मार्ट कार्ड केलं नसेल, तर नोंद सापडणारच नाही अशी शक्यता आहे. अशा वेळी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची पोर्टलवर नोंद, करून घ्यावी लागते. हे काम संगम पुलाच्या ऑफिसात प्रत्यक्ष उभं राहून करायचं आहे. जर्मनीत बसून ते होत नाही, आणि भावाला पाठवून होईल याची खात्री मी देणार नाही. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. पुढच्या प्रत्येक कामाला ओटीपी तिथेच येणार. कॉलेजात असताना घेतलेला, कधीच बंद पडलेला नंबर तिथे असणारे कितीतरी लोक मला भेटलेत.

आता नाव. या एका गोष्टीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्याकडे लायसन्सवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं एका ओळीत येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात. जर्मन कारकुनाला मधलं नाव ही भानगड माहीत नसते. माझ्या अर्जावर एका बाईंनी माझ्या वडिलांचं नावच आडनाव म्हणून टाईप केलं. मला पत्ताच नाही. तिकडे पत्र घरपोच येतं ते पेटीवरच्या आडनावाने. आमच्या पेटीवर आडनाव लिहिलेलं, पत्र आलं वडिलांच्या नावाने. पोस्टमनने 'असं कुणी राहत नाही' म्हणून ते परत पाठवलं. अर्ज मंजूर होऊन तीन आठवडे झालेले, आणि मी घरी बसून जर्मन सरकारच्या दिरंगाईवर भाषणं देतोय. म्हणून अर्ज देताना पासपोर्टवरच्या आडनावाखाली बोट ठेवून दाखवा आणि त्यांनी काय टाईप केलंय ते स्क्रीनवर वाचून मगच उठा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा प्रश्न याहून किचकट. पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि लायसन्स सासरच्या, किंवा उलट. तिकडे दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत हे सिद्ध करण्यात महिने जातात. आरटीओत नावातला बदल करून दोन्ही कागद जुळवून घ्या. तेवढा वेळ नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला मूळ प्रतीसह सोबत न्या.

मग येतो लायसन्सचा उतारा, सारथीवर ज्याला डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. नूतनीकरण झालेल्या कार्डावर समोर नवी तारीख ठळक दिसते आणि तुम्ही २००८ पासून गाडी चालवताय हे कुठेतरी मागे बारीक अक्षरात असतं. उताऱ्यात कोणत्या वर्गाचं लायसन्स कधीपासून आहे ते स्वच्छ येतं. याचा जर्मनीत फायदा असा की नव्या चालकाला तिथे दोन वर्षं परिविक्षेची, म्हणजे प्रोबेशनची, असतात. त्या काळात दारूचा एक थेंबही चालत नाही आणि मोठी चूक झाली तर जादा वर्गाला पाठवतात. भारतात लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ त्यातून वजा होतो. म्हणजे तुमचं लायसन्स दोन वर्षांहून जुनं असेल तर ही भानगडच नाही, फक्त तारीख दाखवता आली पाहिजे. कॅनडाला जाणाऱ्यांनी तर हा उतारा विसरूच नये. ओंटारिओत आधीच्या अनुभवाचा दाखला दिला तर टप्प्याटप्प्याच्या लायसन्समधला वाट बघण्याचा काळ कमी होतो.

इंटरनॅशनल परमिट घ्याच. सारथीवर अर्ज, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, १,००० रुपये फी. पहिल्या सहा महिन्यांत गाडी भाड्याने घ्यायची असेल, पोलिसांनी थांबवलं, तर लायसन्ससोबत हेच दाखवायचं असतं. कोल्हापूर, सातारा किंवा नाशिकहून पुण्यात आलेल्यांनी आधी लायसन्सवरचा पत्ता बघावा. परमिट पत्त्याच्या आरटीओतून मिळतं. एमएच-१२ (पुणे) आणि एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) सुद्धा वेगवेगळी ऑफिसं आहेत. पिंपळे सौदागरला राहणारा माणूस संगम पुलावर रांग लावून नंबर आल्यावर परत फिरलेला मी पाहिला आहे.

शेवटी डिजिलॉकर. लायसन्स तिथे जोडून ठेवा. आत्ता कंटाळा आला तरी ठेवा, कशासाठी ते पुढे येईलच.

भाषांतर मात्र पुण्यात करून घेऊ नका. डेक्कनवर जर्मन भाषांतर करून देणारे चांगले लोक आहेत, पण तिकडच्या ऑफिसला त्यांच्या मान्यतेतल्या भाषांतरकाराचा शिक्का हवा असतो. ते काम तिथे एडीएसी ही वाहनचालकांची मोठी संघटना करते, किंवा शपथबद्ध भाषांतरकार.

तिथला पहिला महिना

घराचा पत्ता नोंदवायचा, ज्याला तिकडे आनमेल्डुंग म्हणतात, ते काम दोन आठवड्यांत करायचं असतंच. त्या कागदाशिवाय लायसन्सचा अर्ज घेत नाहीत. तो हातात पडला की त्याच आठवड्यात पुढच्या कामाला लागा. सहा महिने खूप वाटतात, पण अर्जाची तपासणी व्हायलाच काही ठिकाणी सहा आठवडे आणि मोठ्या शहरांत त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यानंतर परीक्षांच्या तारखा.

डोळ्यांची तपासणी चष्म्याच्या दुकानात होते, फी ठरलेली, ६.४३ युरो, पाच मिनिटांत सर्टिफिकेट हातात. प्रथमोपचाराचा कोर्स एका दिवसाचा, पाऊण-पाऊण तासाचे नऊ वर्ग. इंग्रजीतून मिळतो. भारतात शाळेत, एनसीसीत किंवा कंपनीत केलेलं प्रशिक्षण चालत नाही. हा दिवस वाया जाईल म्हणून मी कुरकुरत गेलो आणि हेल्मेट घातलेल्या बेशुद्ध माणसाचं हेल्मेट दोघांनी मिळून कसं काढायचं ते शिकून आलो. बारा वर्षं पुण्यात टू-व्हीलर चालवून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ड्रायव्हिंग स्कूल. तिकडचा शब्द फारशूले. वर्गांची सक्ती नसली तरी स्कूल लागतंच, कारण प्रत्यक्ष परीक्षा त्यांच्याच गाडीतून, त्यांच्या शिक्षकाला शेजारी बसवून द्यायची असते. गाडीत दोन्ही बाजूंना ब्रेक असतो. पहिल्या फोनवरच सांगा की परदेशी लायसन्स बदलून घ्यायचं आहे, म्हणजे उमश्राइबुंग. काही स्कूलं असे विद्यार्थी घ्यायला नाखूश असतात, कारण तास कमी म्हणजे उत्पन्न कमी. काही उलट सगळं पॅकेज गळ्यात मारू बघतात. 'आधी एक तास घेऊ, मग तुम्हीच सांगा किती लागतील' असं म्हणणारा शिक्षक भेटला की बाकीचे शोधणं थांबवा. पाऊण तासाच्या एका फेरीला साधारण साठ-सत्तर युरो धरून चाला. मला बारा फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीआधी मी 'दोन पुरतील' म्हणालो होतो, त्यावर शिक्षक काही बोलला नाही, नुसता हसला.

पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, पत्तानोंदणीचा कागद, फोटो, डोळ्यांचं आणि प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट, मूळ लायसन्स, भाषांतर, ड्रायव्हिंग स्कूलचं नाव, एवढं घेऊन लायसन्सच्या ऑफिसात जायचं. तिकडे त्याला फ्यूररशाइनश्टेले म्हणतात. हा शब्द नीट म्हणता आला तर परीक्षेतला एक भाग पास झालाच समजा. अपॉइंटमेंटशिवाय जाऊ नका. एजंट हा प्रकार तिथे नाही.

सहा महिने उलटून गेलेल्यांसाठी एक दिलासा. मुदत संपली म्हणून बदलून घेण्याचा हक्क जात नाही. अर्ज तेव्हाही करता येतो, वर्गांची सवलतही राहते. फक्त नवं लायसन्स हातात येईपर्यंत स्कूलच्या गाडीखेरीज स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

लेखी परीक्षा

टीयूव्ही किंवा डेक्रा या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या केंद्रात कॉम्प्युटरवर होते. ३० प्रश्न. भाषा इंग्रजी निवडता येते. हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. चुकांचे गुण मोजतात: प्रत्येक प्रश्नाला दोन ते पाच गुण, आणि चुकीच्या उत्तरांचे गुण दहाच्या वर गेले की नापास. त्यात मेख अशी की पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होते, तरी नापास. आणि एका प्रश्नाची दोन-तीन उत्तरं बरोबर असू शकतात, सगळी बरोबर टिपली तरच तो प्रश्न बरोबर.

इंग्रजी भाषांतर वाचताना मधूनच डोकं गरगरतं. प्रश्न समजला नाही असं वाटलं तर दोष तुमच्या इंग्रजीचा नाही. उपाय एकच, ॲप घ्या आणि सगळे प्रश्न दोनदा सोडवा. मी रोज ट्रेनमध्ये अर्धा तास करायचो, पाच आठवड्यांत झालं.

आकड्यांचे प्रश्न हमखास येतात आणि ते आपल्याला सोपे जातात. वेगाला दहाने भागून तीनने गुणलं की प्रतिक्रियेचं अंतर (ब्रेक दाबेपर्यंत गाडी जाते ते), दहाने भागून वर्ग केला की ब्रेकचं. ताशी ३० ला ९ अधिक ९, म्हणजे १८ मीटर. ५० ला १५ अधिक २५, म्हणजे ४०. वेग दुप्पटही झाला नाही आणि अंतर दुपटीच्या वर. हे गणित केल्यावर मला पहिल्यांदा कर्वे रोडवरची माझी आणि पुढच्या बसमधली फूटभर जागा आठवली.

लेखी पास झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

प्रत्यक्ष परीक्षा, म्हणजे खरी परीक्षा

आठ काढा, एच काढा आणि सही घ्या असा प्रकार तिकडे नाही. एकूण ५५ मिनिटं, त्यातली निदान ३० प्रत्यक्ष रस्त्यावर. शिक्षक शेजारी, परीक्षक मागच्या सीटवर. सूचना जर्मनमधून. बी-वन लागत नाही, पण रेष्ट्स म्हणजे उजवीकडे, लिंक्स म्हणजे डावीकडे, गेराडेआउस म्हणजे सरळ, हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. परीक्षक काहीच बोलला नाही तर सरळ जायचं.

परीक्षक तुम्हाला गाडी येते का हे बघत नाही. ती येते हे त्याने धरलेलं असतं. तो तुमची मान बघतो. वळताना, लेन बदलताना, गाडी काढताना आरसे झाले की खांद्यावरून मागे वळून बघायचं, सायकलवाला त्या आंधळ्या कोपऱ्यात असू शकतो म्हणून. याला शुल्टरब्लिक म्हणतात. नुसती बुबुळं फिरवून चालत नाही, मागच्या सीटवरून दिसलं पाहिजे. पहिले दोन आठवडे माझी मान दुखत होती.

पुणेकराला नडणाऱ्या गोष्टी अशा. इंडिकेटरचा दांडा आपल्या बहुतेक गाड्यांत उजवीकडे, तिकडे डावीकडे. प्रत्येक वळणाला कोरड्या काचेवर वायपर फिरतो. तुम्ही डावीकडे बसलेले, त्यामुळे गाडीची उजवी बाजू किती लांब आहे याचा अंदाज येत नाही आणि कडेला उभ्या गाड्यांच्या आरशांना घासत जाता. शिक्षक सारखा 'लिंक्स, लिंक्स' म्हणत असतो. उतारावर न्यूट्रल टाकायची पेट्रोल वाचवणारी सवय इथेच सोडून जा. हॉर्न धोका असेल तरच वाजवायचा. पुढच्याला सिग्नल सुटलाय हे सांगायला नाही. झेब्रा क्रॉसिंगपाशी कुणी नुसतं येताना दिसलं तरी थांबायचं. सायकलवाल्याला गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडूनच ओलांडायचं, आणि तेवढी जागा नसेल तर त्याच्या मागून गुमान जायचं. ऑटोबानवर उजवीकडून ओव्हरटेक नाही. ट्रॅफिक तुंबला की गाड्या थांबायच्या आतच डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून ॲम्ब्युलन्ससाठी मधे वाट ठेवायची, ॲम्ब्युलन्स दिसत असो वा नसो.

आणि मी ज्यावर पहिल्यांदा नापास झालो, ते म्हणजे रेष्ट्स फोर लिंक्स. चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्ता मोठा की छोटा, याला काही किंमत नाही. आपल्या डोक्यात मोठ्या रस्त्यावरच्याचा मान पक्का बसलेला असतो.

परीक्षेचा बाविसावा मिनिट असेल. ताशी ३० ची मर्यादा असलेल्या वस्तीतला शांत रस्ता, दोन्हीकडे लिंडनची झाडं. मी २८ ने चाललोय, मान वळवतोय, सगळं झकास. उजवीकडे एक बोळ होता. आपल्या पेठेतल्यासारखा, म्हणजे दोन भिंतींमधली फट. त्यातून एक निळी छोटी गाडी नाक काढून उभी राहत होती. मी मनात म्हटलं, थांबेल तो. पाय ॲक्सिलरेटरवरच. पुढच्या क्षणी गाडी जागच्या जागी थांबली आणि ब्रेक मी दाबलेला नव्हता. शिक्षकाने ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपते. निळ्या गाडीतल्या आजीबाई हात करून निघून गेल्या. मागच्या सीटवरून पेनाचा आवाज आला, आणि मग परीक्षक अगदी सौम्यपणे म्हणाला की आता परत जाऊ या.

पुन्हा परीक्षेला निदान दोन आठवडे थांबावं लागतं आणि फी पुन्हा भरावी लागते. त्या दोन आठवड्यांत मी संध्याकाळी पायी त्याच वस्तीतून फिरायचो आणि प्रत्येक बोळापाशी उजवीकडे बघायचो. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. दुसऱ्या खेपेला पास झालो.

परीक्षा मॅन्युअल गाडीवर द्यायची की ऑटोमॅटिकवर, हे स्कूलशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर तशी मर्यादा येऊ शकते. उजव्या हाताने गिअर टाकायला दोन तासांत जमतं, त्याची धास्ती नको.

सुरुवातीला परीक्षक गाडीबद्दल एखादा प्रश्न विचारतो. टायरच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर, ब्रेक ऑइलची टाकी कुठे, फॉग लॅम्प कुठून लागतो. ही दहा-बारा उत्तरं शिक्षकाकडून आदल्या दिवशी घोटवून घ्या.

नवं कार्ड आणि जुनं कार्ड

पास झालात की जर्मन कार्ड मिळतं, पण त्याच्या बदल्यात भारतीय लायसन्स जमा करावं लागतं. याची कल्पना नसली की लोक काउंटरवर गडबडतात. कार्डाची मुदत १५ वर्षं, नंतर परीक्षा न देता फक्त कार्ड बदलतात.

टू-व्हीलरचं काय, हा पुण्याचा खास प्रश्न. कारच्या वर्गाची परीक्षा दिलीत तर कारचंच मिळतं. आपल्या लायसन्सवर बाइक असली तरी तिची परीक्षा वेगळी. कारच्या लायसन्सवर ५० सीसीपर्यंतची, ताशी ४५ ने जाणारी स्कूटर चालवता येते, पण ॲक्टिव्हा तिच्या दुप्पट असते.

जुनं कार्ड जमा केलं, मग सुट्टीत पुण्यात आल्यावर गाडी कशी चालवायची? काही जण जायच्या आधी 'हरवलं' म्हणून पोलिसांत तक्रार देतात, डुप्लिकेट काढतात आणि एक तिकडे देतात, एक कपाटात ठेवतात. हे करू नका. खोटी तक्रार आहे ती, आणि गरजही नाही. कार्ड जर्मनीत जमा झालं तरी आरटीओच्या नोंदीत तुमचं लायसन्स मुदत असेपर्यंत जिवंत असतं, आणि डिजिलॉकरमधली प्रत इथे मूळ कार्डाइतकीच ग्राह्य आहे. मागच्या दिवाळीआधी नळ स्टॉपला मला थांबवलं तेव्हा मी फोन पुढे केला, हवालदाराने क्यूआर बघितला आणि जा म्हणाला.

डिजिलॉकर नव्या फोनवर उघडायचं तर ओटीपी भारतातल्या नंबरवर जातो. तो सिम चालू ठेवा, आणि ते आईच्या फोनमध्ये ठेवून गेला असाल तर विमानतळावर उतरायच्या आधी तिला नीट समजावून ठेवा. आमच्याकडे ओटीपी हा शब्द ऐकला की आई थेट फोन कट करते.